दोन मोटा, एक हँडल

आमच्या घरात वेळ विहिरीकडून यायची. सकाळी चाकांची कुरकुर कानावर आली की आजी चुलीत काटक्या सारायची, आणि ती कुरकुर थांबली की भाकरी टोपल्यात पडलेली असायचीच. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हौसेचं. त्याला किल्ली द्यायची आठवण कुणाला राहत नसे. विहीर घरामागं हाकेच्या अंतरावर होती आणि तिच्यावर दोन मोटा चालायच्या. मोट म्हणजे काय हे माझ्या नातीला सांगायला बसले की चहा निवून जातो, म्हणून थोडक्यात सांगते. चामड्याची भली मोठी पिशवी, तिला जाड दोर, त्याला नाडा म्हणायचं. नाडा चाकावरून जाऊन बैलांच्या जुवाला बांधलेला. विहिरीपासून एक उतरती वाट निघते, ती धाव. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर येते आणि दगडी थारोळ्यात पाणी ओतते. मग बैलांनी तोंड न वळवता मागल्या पावलांनी वर यायचं, की मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर हेच. बैल उतरताना मोट हाकणारा नाड्यावर बसायचा, झोक्यावर बसावं तसा, आणि हाताखालच्या नाड्यावरून मोट किती भरली ते त्याला कळायचं.

एका मोटेवर ग्यानबा आणि दुसरीवर सखाराम. दोघं आमचे सालगडी, गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठेवलेले. ग्यानबा माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचा, उंच, वाळका, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. सखाराम त्याच्या धाकट्या बहिणीचा, गयाचा नवरा. म्हणजे नात्यानं मेव्हणे-दाजी, आणि हे नातं आमच्याकडं चिमटे काढण्यासाठीच असतं. एकाची मोट वर आली की त्यानं एक ओळ म्हणायची, दुसऱ्याची आली की त्यानं उत्तर द्यायचं. ग्यानबा गळा काढून म्हणायचा,

"दाजी आमचे बसले नाड्यावर, जसा कावळा वाळल्या खोडावर!"

इकडून सखाराम, बैलाच्या पाठीवर थाप मारत,

"मेव्हणा माझा लय गुणाचा, भाकर माझी अन् गुण गातो कुणाचा!"

आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "मेल्यांनो, पाणी काढायलात का लग्न लावायलात?" पण एखाद्या दिवशी गाणं आलं नाही की तीच मला पिटाळायची, "बघ गं, कुणाला बरं न्हाई का काय."

माझं काम दारं धरायचं. पाटातून पाणी येतं, एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. काम सोपं, पण मी ते जगातलं सर्वांत कष्टाचं काम असल्यासारखी करायची. कपाळाला हात काय लावायची, उसासे काय टाकायची! चौथी पास झालेली पोर, त्यामुळं शेतात उभं राहणं म्हणजे माझ्यावर झालेला अन्याय, अशी माझी पक्की समजूत. खरं तर मोटेचं पाणी झोका घेत यायचं. एक लोट यायचा, मग थांबायचं. त्या थांबण्यात मी बोरं खायची, गयाशी गप्पा मारायची, ढेकळांची घरं बांधायची. काम म्हणजे त्या दोन लोटांमधली जागासुद्धा, हे मला कळायला पाणी न थांबता यावं लागलं.

दिवाळीनंतर दादांनी इंजिन आणलं. बोरी या बाजाराच्या गावापर्यंत ट्रकमधून आणि तिथून आमच्या बैलगाडीतून. हिरवा रंग, मोठं चाक, तेलाचा वास. बैल त्याच्याकडं बघून फुरफुरले. परभणीहून एक मिस्त्री आला, त्यानं ते विहिरीच्या काठावर बसवलं, पंपात पाणी ओतलं, हँडल फिरवलं, आणि धडधड आवाज करत पाइपातून मांडीएवढी धार बाहेर पडली. अख्खं गाव टाळ्या वाजवायला लागलं. ग्यानबा त्या धारेखाली अंगरख्यासकट जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "आता बैलायला पेन्शन!"

आणि मी? मी इंजिनाला हळदकुंकू लावलं. त्याचं नाव इंजिनराव ठेवलं. शाळेतल्या पोरींना सांगितलं की आता आमच्या घरी कुणालाच काम राहणार नाही, सगळे घरावरच्या माळवदावर बसून शेंगा खाणार. काम म्हणजे खरजेसारखं काहीतरी आहे, औषध लावलं की जाईल, असंच मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी दारं धरायला गेले. पाणी आलं ते थांबेचना. एक वाफा बांधेपर्यंत पुढचा फुटायचा. बोरं ओटीतच राहिली. गया आणि मी दिवसभर चिखलात पळत होतो आणि तिला तर दिवस गेलेले. संध्याकाळी ती बांधावर बसली आणि पाय चोळत म्हणाली, "ताई, तुमच्या इंजिनरावाला दम लागत न्हाई का वो?"

मला तेव्हा वाटलं, काय अडाणी बाई आहे.

मोटा दादांनी लगेच काढल्या नाहीत. यंत्राचा भरवसा काय, म्हणून चामडं तेल लावून तसंच चाकावर ठेवलं. पण इंजिनाला माणूस एकच लागतो, हे सगळ्यांना दिसत होतं. बाकीच्या कोरडवाहू शेताला आमचे दुसरे गडी होते. हे दोघं विहिरीचे. पाडवा आला की दोघांपैकी एकाचं साल धरलं जाईल आणि एकाचं नाही, हे कुणी बोललं नाही, पण त्या दिवसापासून विहिरीवरचं गाणं गेलं. इंजिनाच्या आवाजात ते ऐकूही आलं नसतं म्हणा.

ज्याचं साल सुटायचं त्याच्यासमोर एकच वाट होती. उन्हाळा मिळेल त्या रोजावर काढायचा आणि दसरा झाला की कारखान्याच्या ऊसतोडीला जायचं. तिथं एकटा माणूस चालत नाही. नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच तिकडं एक कोयता म्हणतात. म्हणजे सखारामचं साल सुटलं तर गया तान्हं लेकरू घेऊन उसाच्या फडात जाणार, पाचटाच्या कोपीत राहणार. आधीची तिची दोन लेकरं हाती लागली नव्हती. हे तिसरं. आजी रोज सकाळी तिला बोलावून डिंकाचा लाडू खायला लावायची आणि ती खाते की पदराला बांधते हे बघत उभी राहायची.

दादांनी दोघांनाही इंजिन शिकायला सांगितलं. स्वतः त्यांना शिकवायला वेळ नव्हता आणि मिस्त्री परत गेला होता. तेव्हा ही विद्वान मुलगी पुढं झाली. मिस्त्री दादांना सांगत होता तेव्हा मी तुरीच्या पेंढ्यांमागं बसून सगळं ऐकलं होतं: इंजिनाच्या डोक्यावरचा दट्ट्या वर धरला की हँडल हलकं फिरतं, वेग आला की दट्ट्या सोडायचा. हँडलला हात लावायची मला बंदी होती, कारण ते उलटं फिरलं तर जबडा फोडतं, आणि फुटक्या जबड्याची मुलगी कोण करून घेणार? म्हणून मी हातात तुराटीची छडी घेऊन लांब उभी राहायची आणि हुकूम सोडायची. "दट्ट्या वर धरा! हँडल फिरवा! अजून जोरात! आता दट्ट्या सोडा!" एवढं बोलून मी विहिरीभोवती अशी फेरी मारायची की जणू शाळा तपासायला साहेबच आले.

सखारामला ते जीव खाऊन शिकायचं होतं. पहिल्याच दिवशी हँडलनं त्याच्या मनगटावर तडाखा दिला. हात टम्म सुजला. गयानं मीठ गरम करून शेकलं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा. त्याच्या कपाळावरचा घाम मला आता दिसतो. तेव्हा मला फक्त माझी छडी दिसत होती.

ग्यानबा मात्र सोंगं करायचा. इंजिनासमोर उभं राहून जिभेनं टक् टक् आवाज काढायचा. "चल रं राजा, हो हो हो." हँडल अर्धं फिरवायचा आणि सोडून द्यायचा. "मास्तरीणबाई, ह्याला शेपटी कुठं हाय? पिरगाळतो."

"ग्यानबामामा, तुम्ही लक्षच देत नाही! नापास व्हाल!"

"मग छड्या मारा की."

मी खरंच मारली एकदा, पायावर. तो मोठ्यानं ओरडला आणि सखाराम पोट धरून हसला. कितीतरी दिवसांनी त्या दोघांना विहिरीवर हसताना पाहिलं मी.

इथं जरा थांबते. माझी नात गौरी पुण्याला एका कंपनीत आहे. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "आजी, आम्हाला सांगितलंय की तुमचं काम तुम्ही कसं करता ते या नव्या मशीनला शिकवा." मी विचारलं, मशीन शिकलं की मग? ती हसली. फोनवर माणूस दिसत नाही, पण हसू कुठं संपतं ते बरोबर कळतं. तिच्या टेबलाशेजारी एक मुलगी बसते, दोघी डबा वाटून खातात. गौरी म्हणाली, "आजकाल आम्ही एकमेकींना कामाचं काही विचारत नाही." तेव्हा मला विहिरीवरचं बंद पडलेलं गाणं आठवलं, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं.

तर, ग्यानबाची गोष्ट. होळी होऊन गेली होती. सखाराम गयाला घेऊन बोरीला दवाखान्यात गेला होता. दादा बाजाराला. दुपारी मी घरामागं वाळवणाची राखण करत होते, म्हणजे कुरडया चोरून खात होते. इतक्यात इंजिन सुरू झालं. माझ्या कानांना आता ते कळायचं. सखारामचं इंजिन खोकत खोकत, दोन-चार वेळा मरून मग सुरू व्हायचं. हे एकाच झटक्यात, गाय उठून उभी राहावी तसं. मी भिंतीवरून डोकावले. ग्यानबा होता. एकटा. त्यानं एका हातानं दट्ट्या सोडला होता, दुसऱ्या हातात हँडल, आणि तो धारेकडं बघत उभा होता. चेहऱ्यावर कसलंही सोंग नाही. थोडं पाणी वाहू दिलं, मग वाकून इंजिन बंद केलं, धोतराच्या सोग्यानं हँडल पुसलं, जागेवर ठेवलं, आणि आपल्या जुन्या मोटेच्या धावेवर जाऊन आडवा झाला.

मला केवढा आनंद! माझा विद्यार्थी पास झाला होता. आत पळत जाऊन आजीला सांगणार, तर आजी चुलीपुढं तशीच बसलेली, हातातलं पीठ वाळलेलं. तिनं आवाज ऐकला होता. घरातलं कोण कुठं गेलंय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं मालूम होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कुरडया किती खाल्ल्यास, ते सांग आधी." आणि माझी बातमी तिथंच विझली.

त्याच दिवसांत दादांनी मोटेची एक बैलजोडी विकली. आठवड्याभरात घेणारा माणूस परत आला, चिडलेला. म्हणाला, "मालक, एक बैल तुमचा येडा हाय. नांगराच्या तासाच्या टोकाला जातो अन् वळत न्हाई, उलटा मागं यायलाय!" सगळे हसले. मी तर लोळले. बिचाऱ्या बैलानं जन्मभर तेच केलं होतं, पुढं जायचं आणि त्याच वाटेनं मागं यायचं. दादांनी मुकाट्यानं तो परत घेतला. ग्यानबा मात्र हसला नाही. तो बैलाच्या कानामागं खाजवत राहिला आणि म्हणाला, "तुला तरी परत आणून सोडलं, बाबा."

आमच्या घरी पाडव्याची एक रीत होती. सकाळी सालगड्यानं आपला चाबूक आणून दारातल्या खुंटीला टांगायचा. मग घरच्यांनी त्याला पहिल्या पंगतीला बसवायचं, पुरणाची पोळी, गुळवणी, येसराची आमटी. त्या दिवशी मालक वाढणार आणि गडी जेवणार. जेवण झालं की आजी चाबकाला कुंकू लावायची आणि दादा तो गड्याच्या हातात द्यायचे. साल धरलं. कागद नाही, बोलणं नाही. चाबूक खुंटीवरच राहिला तर गड्यानं समजून घ्यायचं.

त्या पाडव्याला खुंटीवर दोन चाबूक होते आणि त्यांच्याशेजारी दादांनी इंजिनाचं हँडल टांगलं होतं. गुढीची सावली अंगणात पडली होती. ग्यानबा आणि सखाराम शेजारी शेजारी जेवायला बसले. गया दाराशी, मोठ्या पोटावर हात ठेवून. सखाराम पोळीचे तुकडे नुसते कुस्करत होता. ग्यानबा मात्र पोळीवर पोळी मागून घेत होता. "वाढा मालक, अजून एक. दाजीची पण मलाच वाढा, त्येनला पुरण सोसत न्हाई."

जेवण झालं. दादांनी हँडल काढलं. ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. माझे वडील काही कठोर माणूस नव्हते. यंत्र आणलं तेव्हा त्यांनी पाण्याचा विचार केला होता, या क्षणाचा नाही. शेवटी म्हणाले, "ग्यानबा, तू थोरला. बाबांच्या वेळेपासून विहीर तुझी हाय. पहिला मान तुझा. इंजिन चालवाया येतंय का तुला?"

मी आजीच्या शेजारी बसले होते. माझी छाती फुगली. आता माझ्या विद्यार्थ्याचं कौतुक होणार.

ग्यानबानं हात धुतले. सावकाश पुसले. "न्हाई मालक," तो म्हणाला. "लय झटलो. पर त्या लोखंडाचं अन् माझं जमत न्हाई. दाजीला द्या. त्यो शिकलाय."

"खोटं—" असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी आजीनं पुरणपोळीचा भला मोठा घास माझ्या तोंडात कोंबला. इतका मोठा की डोळ्यांत पाणी आलं. तिचा तळवा माझ्या तोंडावर तसाच राहिला. ग्यानबानं एकदा आमच्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही, आजीकडं. आजीनं मान खाली घातली.

दादांनी हँडल सखारामच्या हातात दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं आणि तसाच बसून राहिला, लहान मुलासारखा रडत. दारात गयाही रडत होती. भावासाठी की नवऱ्यासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ग्यानबा उठला आणि खुंटीवरचा आपला चाबूक काढला. "एवढा नेऊ का मालक? तिकडं कारखान्यावर बैलगाड्या हायत म्हणं." दादांनी मान हलवली. अंगणातून जाताना ग्यानबानं गुढीला हात जोडले. घास माझ्या तोंडातून हळूहळू खाली गेला. गोड पोळी मला आयुष्यात पुन्हा कधी इतकी जड लागली नाही.

दसऱ्यानंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, आणि मग दर वर्षी जात राहिला. गयाला मुलगा झाला, तो जगला. मुंजाजी त्याचं नाव.

मी दादांची एकुलती एक, म्हणून माझ्यासाठी घरजावई शोधला. तोही इंजिनासारखाच निघाला, हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे, पण एकदा सुरू झाला की चांगला चालला. माझ्या लग्नाला ग्यानबा आला होता. दात गेलेले, तळहात कोयत्यानं खडबडीत झालेले. मांडवाच्या मागं मी त्याला गाठलं. "मामा, तुम्हाला इंजिन येत होतं. मी पाहिलं होतं."

तो हसला. "बाई, तुमी शिकवल्यावर नापास कोण व्हणार? पर वर्गात दोघं पास झाले अन् बाकडं एकच असलं, तर एकानं उभं ऱ्हावं लागतं."

त्या उत्तरावर मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे. कधी वाटतं, त्यानं बहिणीसाठी केलं. कधी वाटतं, इंजिनाच्या धडधडाटात एकट्यानं दिवस काढायचा, समोरून उत्तर देणारं कुणी नाही, हे त्याला नकोच असेल. दोन्ही खरं असेल. नेमकं कशासाठी, तेवढं एक मात्र त्यानं मला शिकवलं नाही.

इंजिन जाऊन विजेची मोटार आली. सखारामनंतर विहिरीवर मुंजाजी आला, आता त्याचेही केस पिकले. लाइट येईल तेव्हा उठायचं, मोटार चालू करायची, पाण्याच्या मागं फिरायचं. गेल्या दिवाळीत माझ्या मुलानं मोटारीला मोबाईलचा स्टार्टर बसवला. आता तो जिंतूरला चहा पीत बसला असला तरी बोट दाबतो आणि इकडं पाणी येतं. मुंजाजी विहिरीवर जातो, आपोआप चालू झालेल्या मोटारीकडं बघतो आणि हात मागं बांधून उभा राहतो. उभं राहायची ती तऱ्हा थेट त्याच्या मामाची.

परवा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. इकडंतिकडचं बोलला. मग म्हणाला, "माय, पाडवा आलाय. मुंजाभाऊचं कसं करावं? आता विहिरीवर माणूस कशाला लागतो?"

दारातल्या खुंटीवर ते जुनं हँडल अजून आहे. मी त्याच्याकडं बघितलं. आजी नव्हती. तोंडात घास नव्हता.

"पाडव्याला त्याला पहिल्या पंगतीला बसव," मी म्हणाले. "अन् तुझा मोबाईल तिथं खुंटीला टांग. कुंकू मी लावीन."

"मोबाईल? त्याला कुठं येतोय माय तो?"

"येतो. आठवडाभर माझ्या फोनवर मी शिकवायलेय त्याला, छडी घेऊन. पास झालाय." त्याचा चेहरा बघून मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "अन् बाकडं एकच असलं, तर या खेपेला तू उभा ऱ्हा."